पोरगं फक्त एसटीच काढतं, चित्रकलेचा क्लास बंद करू का?

कृष्णाकाठ

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने नुसतीच वाचतेय, आज लिहायला बसले कारण हे दुसरं कुठे बोलावं तेच कळत नाहीये. आम्ही कराडला असतो. मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम (स्वमग्नता) आणि सोबत एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, सारखी चुळबुळ, साडेतीन वर्षांचा असताना निदान झालं. बोलतो पण मोजकं, बहुतेक वेळा कुठेतरी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं. स्टँड घरापासून चालत दहा मिनिटांवर, तिथली अनाउन्समेंट पाठ आहे, "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी" सुरू झालं की ओळखायचं, ह्याला बाहेर जायचंय.

तर चित्रं. दोन वर्षांपासून काढतो आणि फक्त एसटी काढतो. लालपरी, एशियाड, शिवशाही. खिडक्या मोजून, संकटकालीन दरवाजा बरोबर जागेवर, मागची टपावर जायची शिडी, नंबर प्लेट. नंबरवरून गाडी कुठे बांधली तेही सांगतो, एमएच १४ म्हणजे दापोडी, एमएच २० म्हणजे चिकलठाणा, एमएच ४० म्हणजे हिंगणा, मला स्वतःला हे त्याच्यामुळे कळलं.

जूनपासून त्याला चित्रकलेच्या क्लासला घातलं. मागच्या महिन्यात विषय होता पावसाळ्यातला एक दिवस. सगळ्या मुलांनी छत्र्या, डबकी, बेडूक काढले. ह्याने एसटी काढली, पण समोरून, आणि काचेवर फक्त ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर फिरलेला, तेवढीच अर्धगोल काच स्वच्छ आणि बाकी सगळी पेन्सिल घासून धुरकट केलेली. आदल्या आठवड्यात आम्ही पाटणहून भर पावसात अशाच गाडीने आलो होतो, दुसरा वायपर बंदच होता. मला ते चित्र बघून भरून आलं. सरांनी त्याच्यावर लाल पेनने फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं, विषय समजलेला नाही.

तो रडला नाही काही नाही. कागद उलटा केला, दप्तरात ठेवला आणि नंतर चार दिवस पेन्सिलला हात लावला नाही.

घरी पण सारखं चालू असतं, सासूबाई म्हणतात पाहुण्यांसमोर हात फडफडवू देऊ नको, परवा जाऊबाईंच्या बाळाच्या बारशाला त्याला एका खोलीत घेऊन बसले होते मी, आणि एक नात्यातल्या काकू येऊन म्हणाल्या, तू त्याला स्वीकारलंस म्हणजे हात टेकलेस ना गं. ते डोक्यातून जातच नाहीये. क्लास बंद करू का? का दुसरे विषय काढायला लावू थोडं जोर लावून? आणि स्वीकारायचं म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं असतं, हे कुणी साध्या शब्दात सांगेल का?

शेवंती

अगं पहिल्यांदा तो कागद लॅमिनेट करून घे. फुलीसकट. आणि तारीख टाक मागे.

माझी लेक १५ ची आहे, ऑटिझमच, आम्ही पुण्यात. मी केलेली चूक सांगते म्हणजे तुझी टळेल. ती सहा वर्षांची असताना तिला रांगोळीचा नाद लागला. माझी आई रोज दारात काढायची, ही शेजारी उकिडवी बसून ठिपके बघायची. मग स्वतः टाकायला लागली, ११ ते ६ ची मांडणी एकदाही न मोजता, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. मी एवढी खूष झाले की दुसऱ्याच आठवड्यात त्याचा कार्यक्रम करून टाकला. रांगोळीची चिमूट म्हणजे बोटांचा व्यायाम, म्हणून रोज वीस मिनिटं. तीन रंग भरलेच पाहिजेत. भिंतीवर तक्ता, पूर्ण झालं की स्टार. व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवायचे.

एक महिन्याने रांगोळीचा डबा सापडेना. पलंगाखाली अगदी मागे, गाद्यांच्या ढिगामागे ढकलून ठेवला होता. त्यानंतर दीड वर्ष तिने रांगोळीला हात लावला नाही, दारात काढलेली दिसली की ओलांडायच्या ऐवजी मागच्या दाराने जायची. तिला जगात एक गोष्ट स्वतःची सापडली होती आणि ती मी काढून घेतली, माझ्या चांगल्या हेतूने.

परत आली ती एका दिवाळीत. आई एकटीच काढत होती, मी आत करंज्या तळत होते, बाहेर आले तर दोघी शेजारी. आईने काही म्हटलं नाही, शाब्बास नाही की काही नाही, फक्त डबा दोघींच्या मध्ये सरकवला. आता ती काढते तेव्हा मी फोन आत ठेवून येते.

तेव्हा माझं मत विचारशील तर क्लास बंद. एसटी चालू.

मी_डोंबिवलीकर

शेवंतीताई वाचताना थांबलो मध्येच, डब्यापाशी.

कृष्णाकाठ, माझे दोन मुलगे, धाकट्याला एडीएचडी आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला जड जातं. एक वेगळी बाजू मांडतो, सगळे क्लास वाईट नसतात, माणूस बघायचा. धाकट्याला तबल्याला घातला तर पहिल्या ठिकाणी दोन महिन्यात परत पाठवला, मांडी घालून बसत नाही म्हणून. दुसरे गुरुजी मिळाले ते सत्तरीचे. त्यांनी पहिल्या दिवशी तबला उघडलाच नाही. म्हणाले खोलीत चाल माझ्याबरोबर. केहरवा ताल आठ मात्रांचा, तर आठ पावलं, धा गे ना ती न क धी न, धा ला डावा पाय जोरात. पंधरा दिवस दोघं नुसते खोलीत फेऱ्या मारत होते, मी बाहेर चपलांपाशी बसून ऐकायचो. नंतर तबला उंच टेबलावर ठेवून उभ्याने वाजवायला दिला. आता बसतो की कधी कधी, स्वतःहून.

त्यांना मी एडीएचडी काय असतं ते समजवायला गेलो होतो कागद घेऊन. ते म्हणाले पोरगं पायाने शिकतंय, हाताने नंतर शिकेल, तुम्ही काळजी करू नका. अशा माणसाचा शोध घ्या, वेळ लागतो पण असतात.

निवृत्त_मास्तर

ताई, राग मानू नका. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत होतो. लाल फुली चुकीचीच, मुलाच्या चित्रावर फुली मारायचा अधिकार कुणाला नाही. पण एकदम क्लास बंद करा असं वर म्हटलंय त्यावर शंका आहे. उद्या शाळेत प्रश्नपत्रिका येईल ती एसटीवर नसेल. पुढे नोकरीत साहेब सांगेल ते करावं लागेल. घरात आपण सगळं त्याच्या कलाने केलं तर बाहेर त्याचं कसं होणार? आईबाप कायम पुरत नाहीत. हे मी काळजीने विचारतोय.

शांत_दुपार

सर, तुमची काळजी खरी आहे आणि ती प्रत्येक घरात असते म्हणून उत्तर देते.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान ३४ व्या वर्षी झालं. शाळेत मी हुशार पण आगाऊ, एकलकोंडी, शिष्ट अशी सगळी विशेषणं गोळा केली. बाई म्हणायच्या बोलताना डोळ्यांत बघ. मी बघायला शिकले, पण डोळ्यांत बघितलं की मला समोरचं ऐकूच येत नाही, सगळी शक्ती बघण्यात जाते. म्हणजे बाईंना वाटायचं आता लक्ष देतेय आणि नेमका तेव्हाच धडा कानावरून जायचा. हात हलवायची सवय होती, आईने चारचौघात ओरडून बंद करवली, मग मी फ्रॉकच्या खिशात हात घालून आतल्या आत नखं रुतवायला लागले, ती खूण अजून आहे. लग्नकार्याहून घरी आले की दोन दिवस डोकं धरून पडायचे, घरचे म्हणायचे हिला माणसांची ॲलर्जी आहे.

बाहेर कसं होणार हे विचारता ना सर, तर मी बाहेर वावरायला शिकले, नोकरी करते, सगळं करते. पण ते जे बळ आलं ते दटावण्यातून नाही आलं. आमच्या वाड्यात खिडक्यांना वेगवेगळ्या लोखंडी जाळ्या होत्या, मी ९-१० वर्षांची असताना फक्त त्या जाळ्या काढायचे, वह्याच्या वह्या. आजोबा दर महिन्याला नवीन चौकटीची वही आणून द्यायचे, न विचारता. दिवसभर जगाचं ऐकून आले की त्या वहीत मी परत माझी व्हायचे. आज मी हिशेबाचं काम करते, जाळ्यांचा माझ्या कामाशी काडीचा संबंध नाही, तरी रविवारी काढते. त्यातून पुढे काही बनायलाच पाहिजे असं नसतं.

कृष्णाकाठ, बारशाला तू त्याला खोलीत घेऊन बसलीस ते त्याला गोंगाटापासून वाचवायला की लोकांच्या नजरेपासून? पहिलं असेल तर उत्तमच. दुसरं असेल तर पुढच्या वेळी दार उघडं ठेव.

कृष्णाकाठ

दुसरंच होतं. खोटं कशाला बोलू.

हातमाग

मी ओटी आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नाशिकला मुलांबरोबरच काम करते. चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिलं म्हणजे हात फडफडवणं, डोलणं, तेच वाक्य परत परत म्हणणं, ह्याला आम्ही स्टिमिंग म्हणतो, मूल त्यातून स्वतःला सावरत असतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत नसेल तर ते थांबवायचं कारण नाही. आणि फलाट क्रमांक चार हे बोलणंच आहे हो ताई. अख्खं वाक्य एका अर्थासाठी वापरतोय तो. "फलाट चार, चल बाहेर जाऊया" असं तुम्ही त्याच्या वाक्याला तुमचं छोटं वाक्य जोडून म्हणत जा, दुरुस्त करायला जाऊ नका. बोलण्याला जोड म्हणून चित्रांवर बोट ठेवून बोलायची ॲप असतात, आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मोफत आहे आणि मराठीतही आहे, बघून ठेवा. त्याने बोलणं मागे पडत नाही, ही भीती बऱ्याच घरात असते.

चित्रं काढताना त्याचा हात पटकन थकत असेल तर लांब पेन्सिलऐवजी खडूचे आखूड तुकडे द्या, दोन बोटं आणि अंगठा आपोआप नीट बसतो. कागद आडवा टेबलावर न ठेवता भिंतीवर चिकटवा, उभं राहून काढू दे, खांदा मनगट सगळं कामाला लागतं आणि एडीएचडीवाल्या मुलाला उभं राहायला मिळतं. आणि त्याचा हात धरून गिरवून घेऊ नका, त्याने हात पुढे केला तरच.

दोन-तीन महिन्यांनी गणपती येतात तेव्हा शाडूचं काम सगळीकडे सुरू होईल, सोसायटीत शाळेत सगळे म्हणतील बसव त्याला पण. काही मुलांना ओली चिकट माती म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखी वाटते, नाटक नसतं ते. शेजारी पाण्याचं घमेलं आणि पंचा ठेवा, एका बोटाने लावलं आणि लगेच धुतलं तरी चालेल. पिशवीत माती भरून बाहेरून दाबू दे. नुसतं बघत बसला तरी तो त्यात आहे.

आणि हे आमच्याच पेशाबद्दल सांगते, प्रत्येक गोष्टीची थेरपी करायची गरज नाही. शेवंतीताईंच्या घरी जो तक्ता होता तसे तक्ते आम्हीच देतो लोकांना. मीही दिलेत. आता पालकांना सांगते की थेरपीची वेळ वेगळी आणि त्याची वेळ वेगळी.

परसदार

आम्ही फोंड्याचे. जानेवारी २०२३ ला पणजीत दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा भाच्याला घेऊन गेलो होतो. स्टेज वगैरे होतं पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. भाचा मध्येच जमिनीवर आडवा झाला, गर्दीने त्याचं असं होतं, आणि आजूबाजूचे लोक थोडे बाजूला सरकले आणि आपापलं चालू ठेवलं. कुणी च्यक च्यक केलं नाही, कुणी काय झालं म्हणून गोळा झालं नाही. माझी बहीण त्याच्या शेजारी बसली आणि पाच मिनिटांनी उठली. ती म्हणाली सात वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला सॉरी म्हणावं लागलं नाही.

आशावादी_बाबा

सगळं वाचतोय. माझी मुलगी ५ वर्षांची. आम्हाला एकाने स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराचं सांगितलंय, खर्च बराच आहे पण नॉर्मल होईल म्हणतात. दागिने मोडायचा विचार चालू आहे. कुणी केलंय का?

हातमाग

दादा, कृपा करून नका मोडू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, तसे उपचार करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग धरलाय. नॉर्मल करून देतो म्हणणाऱ्याकडून उठून यायचं. मला वेगळा निरोप टाका, आपण बोलू.

मी_डोंबिवलीकर

आशावादी, सरकारी कागद काढलेत का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम पण आहे आणि अध्ययन अक्षमता पण. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. ऑटिझमसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत असाल तर दिव्यांग मुलासाठी ७५ हजार, तीव्र असेल तर सव्वा लाख वजावट मिळते. आमच्या धाकट्याचं प्रमाणपत्र सायन हॉस्पिटलच्या एलडी (अध्ययन अक्षमता) क्लिनिकमधून काढलं, बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ आणि इतर सवलती त्यावरच मिळतात. शिक्का बसेल म्हणून आम्ही दोन वर्षं काढलं नाही आणि त्या दोन वर्षांत शाळेने त्याला आळशी हा शिक्का मारलाच होता.

जर्सीतली_माई

मी आजी आहे, लेकीकडे न्यू जर्सीला असते. नातवाचं निदान झालं तेव्हा कुणीतरी सांगितलं घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला. मला इंग्रजी कामापुरतं येतं. वर्षभर मी त्या लेकराशी जवळपास गप्पच होते हो. नंतरच्या स्पीचवाल्या बाईंनीच सांगितलं की दोन भाषांनी ऑटिझमच्या मुलांचं नुकसान होत नाही, आजीला तिच्या भाषेत बोलू द्या. आता पोळ्या करताना कणकेचा गोळा देते, तो त्याचे साप करतो आणि प्रत्येक सापाला "लांबडं" म्हणतो, आमच्या गावाकडचा शब्द. कराडच्या ताई, सासूबाईंना एकदम धारेवर धरू नका. आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. त्यांना त्याच्याबरोबर एखादं काम द्या.

निवृत्त_मास्तर

शांत_दुपार, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्या वर्गात अशी मुलं होती. एक मुलगा सारखा बाकावर बोटं वाजवायचा, त्याला मी उभा केलेला आहे, खूप वेळा. आज त्याचं नाव आठवलं. एवढंच लिहितो.

कृष्णाकाठ ताई, शिक्षक म्हणून एक सुचवतो, विषय बदलायला लावू नका, एसटीच्याच आत शिरा. पाटीवर गावाचं नाव असतं, ते लेखन झालं. वेळापत्रक म्हणजे घड्याळ. तिकीट म्हणजे बेरीज, सुट्टे परत देणं म्हणजे वजाबाकी. रस्ता काढला की नकाशा. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तो इतिहास. एवढा अभ्यासक्रम एका गाडीत बसतो.

शांत_दुपार

सर, धन्यवाद. मनापासून. फक्त एक विनंती, ह्यातलं सगळं त्याला शिकवायला म्हणून नको, तो जिकडे वळेल तेवढंच. नाहीतर एसटीचाही डबा पलंगाखाली जाईल.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मध्ये तो आजारी होता.

क्लास बंद केला. सरांना भेटून सांगितलं, भांडले नाही, चित्र दाखवलं आणि वायपरचं सांगितलं, पाटणचा पाऊस, बंद पडलेला वायपर सगळं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले मी एवढं नीट बघितलं नव्हतं. परत पाठवा म्हणाले पण मी आत्ता नाही म्हटलं.

सासरे रिटायर कंडक्टर आहेत हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंच नव्हतं, मला ते महत्त्वाचं वाटलंच नाही बघा. त्यांची तक्रार असायची की नातू माझ्याजवळ बसत नाही. माई म्हणाल्या तसं काम दिलं. त्यांनी ट्रंकेतून जुना तिकिटांचा पेटारा काढला, रंगीत गठ्ठे आणि तो पंच. ह्याने पंच हातात घेतला, एकदा टक् केलं आणि थेट आजोबांच्या मांडीला टेकून बसला. दोघांनी मिळून अख्खा गठ्ठा पंच केला, घरभर ते बारीक गोल ठिपके, सासूबाई केरसुणी घेऊन आल्या आणि काही न बोलता परत गेल्या. मधूनमधून हात फडफडवत होता, सासरे तेवढं थांबायचे आणि त्याचं झालं की पुढचं तिकीट द्यायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं करा म्हणून.

आता भिंतीवर कागद लावलाय हातमाग ताईंनी सांगितल्याप्रमाणे. इथल्या एका छापखान्यातून रोलचं उरलेलं टोक मिळालं, वजनावर दिलं त्यांनी. त्यावर कराड ते सातारा रस्ता चाललाय. आजोबा स्टॉप सांगतात, तो काढतो. तासवड्याचा टोलनाका झाला, उंब्रज झालं, काशीळ झालं. काल मी बाजूला बसून भाजी निवडत होते तर माझ्या हाताला धरून उठवलं, उंब्रजच्या फलाटावर एक बाई काढलीय पिशवी घेतलेली, तिच्यावर बोट ठेवलं आणि माझ्यावर ठेवलं. आत्तापर्यंत त्याच्या चित्रात माणूस कधीच नव्हता.

एकच अडचण आहे, हा कागद पातळ असल्याने स्केचपेन मागे भिंतीवर उतरतंय, घर भाड्याचं आहे. तेलखडू त्याला चिकट लागतात म्हणून नको म्हणतो. नागठाण्याच्या आधी काहीतरी करायला पाहिजे. मागे काय लावू, सुचवा.

शेवंती

जुनी कॅलेंडरं लाव उलटी करून, गुळगुळीत असतात, शाई आरपार जात नाही. माझ्याकडे गठ्ठा पडलाय, हवा असेल तर पत्ता निरोपात टाक, एसटीच्या पार्सलनेच पाठवते.